पिशवी काढलेल्या बाईच्या कार्डावर दोन रेघा

रविवारची रात्र, बाहेर धो धो पाऊस, साडेनऊ झालेले, मी नुकतीच जेवायला बसले होते आणि फोन वाजला. आमच्या ऐरोलीच्या नर्सिंग होमचा आरएमओ, म्हणजे तिथे ड्युटीवर असलेला डॉक्टर. मी तिथली स्त्रीरोगतज्ज्ञ. "मॅडम, ३५ वर्षांची पेशंट आलीय, उजवीकडे खाली पोटात दुखतंय, उलट्या, पल्स ११८, बीपी ९६-६०, ॲपेंडिक्स फुटलंय असं वाटतंय. सर्जन सरांना कळवलंय. तुम्हाला फक्त सांगून ठेवतो कारण बाई म्हणतेय मी मॅडमचीच पेशंट." मी सवयीने विचारलं, पाळी कधी आलेली? तो म्हणाला, "पिशवी काढलीय मॅडम, चार वर्षं झाली." त्यावर मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ही केस लिहायला बसले ती त्या एका वाक्यापायी. मी म्हणाले, "मग माझं काय काम, सरांना बघू दे." आणि आमटी-भात कालवायला घेतला.

(पेशंटची ओळख पटू नये म्हणून वय, गाव, तारखा थोड्या इकडेतिकडे केल्यात. बाकी जे झालं तेच.)

बाई घणसोलीच्या सिम्प्लेक्स वसाहतीतली, गाव पाटण तालुक्यातलं, नवरा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. दोन मुलं, दोन्ही नॉर्मल. दुसऱ्यानंतर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन केलं नाही, तांबी बसवली. तांबीने अंगावरून जायला लागलं म्हणून ती काढली, तरी जायचं थांबेना, कधी आठ दिवस कधी पंधरा दिवस, हिमोग्लोबिन सातवर आलं आणि मग ३१व्या वर्षी गावाकडे तालुक्याच्या ठिकाणी पिशवी काढून टाकली. खालून काढली, म्हणजे पोटावर टाका नाही. याचं तिला फार कौतुक, जावेचा टाका पार बेंबीपर्यंत आणि हिच्या पोटावर काहीच नाही. ३१व्या वर्षी पिशवी काढायची खरंच गरज होती का हा वेगळा विषय, त्यात शिरले तर रात्र तिथेच संपेल. पण एवढं सांगते, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या शंभरातल्या तीनेक बायकांची पिशवी काढलेली निघाली, आणि बीडच्या ऊसतोड बायकांचं जे २०१९ मध्ये बाहेर आलं, ८२ हजारांवर बायकांची पाहणी आणि त्यातल्या १३ हजारांवर जणींची पिशवी गेलेली, ते तर आपण सगळ्यांनी वाचलंय. म्हणजे तिशी-पस्तिशीतली, पिशवी नसलेली पण ओव्हरी म्हणजे अंडाशय शाबूत असलेली, नवऱ्याबरोबर नांदणारी बाई आपल्याकडे घरोघरी आहे.

दुखणं शुक्रवारचं. सकाळी पाणी भरताना उजवीकडे ओटीपोटात कळ आली, गल्लीतल्या दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन घेतलं, शनिवार बरा गेला. रविवारी संध्याकाळी चपात्या लाटता लाटता एकदम काहीतरी तुटल्यासारखं झालं, ओट्याला धरून खालीच बसली, दरदरून घाम, डोळ्यापुढे अंधारी. मार्केट बंद म्हणून नवरा घरी होता हे नशीब, त्याने रिक्षात घातलं आणि आणलं.

आणि इकडे मी जेवतेय.

वीस मिनिटांनी परत फोन. या वेळी सिस्टर. "मॅडम, हसू नका हं, पण त्या पिशवी काढलेल्या पेशंटचं कार्ड पॉझिटिव्ह येतंय."

ही सिस्टर आमच्याकडे लागून जेमतेम दोन महिने झालेले. आधी जिथे होती तिथे तिला शिकवलेलं की पन्नाशीच्या आतली बाई ऑपरेशनला चालली की लघवीवर कार्ड टाकायचंच, बाई काय सांगते, डॉक्टर काय सांगतात ते बघायचं नाही. आमच्या कॅज्युअल्टीच्या शीटवर प्रेग्नन्सी टेस्टचा रकाना आहे, त्यात आरएमओने 'लागू नाही' लिहिलेलं. पण कॅथेटर टाकलेला, लघवी समोर, हात सवयीचा, तिने तीन थेंब टाकले आणि दोन रेघा आल्या. आरएमओ म्हणाला कार्ड खराब असेल. तिने दुसरं पाकीट फोडलं, एक्स्पायरी बघून. परत दोन.

मी हसले नाही. ताट तसंच ठेवून गाडीची चावी उचलली.

गाडीत सात मिनिटं लागतात, तेवढ्यात डोकं बऱ्याच ठिकाणी जाऊन येतं. पिशवी नाही आणि कार्ड पॉझिटिव्ह म्हणजे काय काय असू शकतं? एक तर गर्भ, पोटात कुठेतरी. नाहीतर एचसीजी, म्हणजे कार्ड जे गरोदरपणाचं हार्मोन पकडतं ते, बनवणारी एखादी गाठ, ओव्हरीची किंवा जुन्या द्राक्षगर्भातून (बाळाऐवजी नुसती वारच द्राक्षांसारखी वाढते तो) उरलेली. पाळी वयाने गेलेल्या बायकांत मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतूनही थोडा एचसीजी येतो पण तो अगदी किरकोळ आणि हिचं ते वयच नाही. रक्ताच्या टेस्टमध्ये कधी कधी भलत्याच अँटीबॉडींमुळे खोटा एचसीजी दिसतो, पण त्या अँटीबॉडी लघवीत उतरत नाहीत, आणि इथे तर लघवीच बोलत होती. बाकी सगळं पुस्तकात ठीक आहे हो, पण पल्स ११८ आणि बीपी घसरतंय अशा बाईत एकच गोष्ट धरून चालायचं. ओव्हरीकडून पिशवीकडे येणाऱ्या नळीतला गर्भ, आणि तो फुटलाय.

एरवी एक्टोपिकचा, म्हणजे पिशवीबाहेर रुजलेल्या गर्भाचा, संशय येतो तेव्हा आम्ही आकडे बघत बसतो. एचसीजी दीड-दोन हजारांच्या वर, हल्ली साडेतीन हजारही धरतात, आणि तरी सोनोग्राफीत पिशवीच्या आत काही दिसत नाही, मग शंका. दोन दिवसांनी परत एचसीजी, वाढला की कमी झाला, असं चालतं. या बाईत ते सगळं बाद. आकडा ५० असो की ५ हजार, पिशवीच नाही म्हटल्यावर गर्भ जिथे असेल तिथे चुकीच्या जागीच आहे.

हे होतं कसं, हा प्रश्न नंतर तिच्या नवऱ्यापासून आमच्या वॉर्डच्या मावशीपर्यंत सगळ्यांनी विचारला, म्हणून इथेच सांगते. पिशवी काढली की पाळी बंद होते, बीज बंद होत नाही. ओव्हरी ठेवल्या असतील तर त्या महिन्याच्या महिन्याला बीज सोडत राहतात, पार पंचेचाळीस-पन्नासपर्यंत. नळ्या ठेवल्या असतील तर त्यांचं झालरीचं तोंड ते बीज उचलतं. म्हणजे अर्धं काम चालूच असतं, फक्त शुक्राणूंना आत जायला वाट नसते, कारण योनीमार्गाचं वरचं टोक शिवून बंद केलेलं असतं, त्याला आम्ही व्हॉल्ट म्हणतो. ती शिवण एकसंध आहे तोवर प्रश्न नाही. पण शिवणीत कुठे बारीक भोक राहिलं, किंवा पिशवी वरून काढली पण तिचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स ठेवलं आणि त्याचा मार्ग उघडा राहिला, किंवा नळीचंच टोक त्या शिवणीत अडकून खाली डोकावायला लागलं, तर वाट तयार. वैद्यकात याची पहिली नोंद १८९५ची, वेंडेलर म्हणून डॉक्टर होते त्यांची. तेव्हापासून आजवर जगभरात छापून आलेल्या केसेस अगदी मोजक्या आहेत, एका मोठ्या शहराच्या प्रसूतिगृहात महिन्याला जेवढी बाळंतपणं होतात त्याहून कमी.

दुसरा प्रकार असा की ऑपरेशनच्या दिवशीच बाई गरोदर असते आणि कुणाला माहीत नसतं. बीज फळलेलं असतं, नळीतून पिशवीकडे निघालेलं असतं, आणि इकडे पिशवी काढून टाकतात. मग ते नळीतच रुजतं आणि काही आठवड्यांनी पोट दुखायला लागतं, तेव्हा सगळ्यांना वाटतं ऑपरेशननंतरचं दुखतंय, टाके दुखतायत, इन्फेक्शन आहे. हे टाळायला पिशवी काढायची तारीख पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यायची, त्या महिन्यात काळजी घ्यायला सांगायचं आणि सकाळी कार्ड टाकायचं. नुसतं कार्ड पुरत नाही, कारण रुजायच्या आधी ते निगेटिव्हच येतं. पण आमच्या बाईला चार वर्षं झालेली, म्हणजे हिचा प्रकार पहिला. कुठेतरी वाट उघडी होती.

पोचले. बाई पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडलेली. पापणी खाली ओढून बघितली, आत कागदासारखं पांढरं. ताप नाही. ॲपेंडिक्स फुटून पोटात पू झालेल्या माणसाला बहुतेक वेळा ताप असतो, जीभ कोरडी, चेहरा तापलेला. ही गार पडलेली. हिमोग्लोबिन ८.२ आलेलं, पांढऱ्या पेशी थोड्याच वाढलेल्या. पोटाला हात लावला तर कडक. आणि मग तिने स्वतःहून सांगितलं, "मॅडम, ह्यो उजवा खांदा बी लय दुखतोय, काल पाण्याचं पिंप उचललं त्यानं आसंल." मी तिला सरळ झोपवलं तर कळ वाढली, डोकं उचलून दिलं तर कमी. तो पिंपाचा खांदा नव्हता. पोटात साचलेलं रक्त झोपल्यावर वर सरकतं, श्वासाच्या पडद्याला खालून लागतं, त्या पडद्याची नस निघते मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून, आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच निघतात, म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. आरएमओच्या नोट्समध्ये खांदा होता, शेवटच्या ओळीत, 'वजन उचलल्याने'. पोराला दोष देत नाही. त्याच्या डोक्यात एक दार आधीच बंद झालेलं आणि ते मी फोनवर बाहेरून कडी लावून पक्कं केलं.

सोनोग्राफीचं मशीन लावलं. मधे पिशवी नाही, बरोबर. उजव्या ओव्हरीला चिकटून चार सेंटिमीटरची गाठ, मधे गोल कडं, ठोके नाहीत, आजूबाजूला गोठलेलं रक्त, आणि वर यकृत आणि मूत्रपिंडाच्या फटीतही काळं पाणी. तिथपर्यंत दिसलं म्हणजे पोटात रक्त भरपूर. नंतर एफ फॉर्म भरायला घेतला, पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आहे, गरोदर बाईची सोनोग्राफी म्हणजे फॉर्म हवाच, आणि त्यात शेवटच्या पाळीचा रकाना. तिथे पेन अडकलं. शेवटची पाळी चार वर्षांपूर्वी, गरोदरपण चालू. ज्या कोणी हा फॉर्म तपासला असेल त्याने नक्की कपाळाला हात लावला असेल.

मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देऊन गर्भ विरघळवता येतो, शरीराच्या चौरस मीटरमागे ५० मिलिग्रॅम, पण ते बाई ठणठणीत असेल, नळी फुटलेली नसेल, रोज-दोन रोजांनी रक्त तपासायला येणार असेल तेव्हा. इथे विचारही करायचा नव्हता. थिएटर तयार करायला सांगितलं, रक्त मागवलं. ग्रुप बी पॉझिटिव्ह, निगेटिव्ह असता तर अँटी-डी इंजेक्शनची सोय बघावी लागली असती. नवऱ्याच्या टोळीतला एक माथाडी त्या पावसात बाईक घेऊन वाशीच्या ब्लड बँकेत गेला आणि थर्माकोलचा डबा पोटाशी बांधून आला, त्याला मी नंतर चहा पाजला.

रक्त येईतो नवऱ्याकडे जुने कागद मागितले. पिशवी काढली म्हणजे नेमकं काय काय काढलं ते कळायला हवं होतं. त्याने कॅरीबॅग पुढे केली. आपल्या बायकांची सगळी मेडिकल हिस्टरी या कॅरीबॅगांत असते, वर साडीच्या दुकानाचं नाव आणि आत एक्सरे, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलांची लसीकरण कार्डं. डिस्चार्ज कार्ड सापडलं. योनीमार्गे गर्भाशय काढले, दोन्ही ओव्हरी ठेवल्या. नळ्यांबद्दल एक शब्द नाही. काढल्या की ठेवल्या की कुठे बांधल्या, काही नाही.

त्याच्या खाली आमच्याच नर्सिंग होमचा ओपीडीचा कागद. तारीख मागच्या नोव्हेंबरची. अक्षर माझं.

'पांढरं व पाण्यासारखं जातं, संबंधानंतर लाल डाग. व्हॉल्टच्या उजव्या कोपऱ्यात ग्रॅन्युलेशन. सिल्व्हर नायट्रेट लावलं. दोन आठवड्यांनी दाखवणे.' खाली जानेवारीची नोंद, 'परत थोडं आहे. परत लावलं.' बस.

मला तो दिवस आठवला. पिशवी काढल्यानंतर शिवणीवर लाल मांसाचा दाणा येतो, जखम भरताना जास्तीचं मांस वाढतं तसा, त्याला सिल्व्हर नायट्रेटचा डाग दिला की जातो, आम्ही दर महिन्याला एखादा तरी बघतो. म्हणून मी जास्त विचार केला नाही. पण शिकताना शिकवलेलं असतं की असा दाणा ऑपरेशनला वर्षं होऊन गेल्यावरही असेल, डाग देऊन परत येत असेल, तर तो दाणा नसून शिवणीत अडकलेली नळी असू शकते, तुकडा काढून तपासायला पाठवा. आणि अजून एक खूण असते. चिमट्यात धरून हलकं ओढलं की साध्या दाण्याला काही होत नाही, नळी असेल तर बाईला वर पोटात ओढ बसते. जानेवारीत डाग देताना ही टेबलावर कळवळली होती आणि म्हणाली होती, "आई गं, बेंबीपासनं ओढल्यागत झालं." मी म्हणाले होते, झालं झालं ताई, संपलं. ते वाक्य मी कागदावर लिहिलं नव्हतं पण ते मला शब्दन् शब्द आठवलं, त्या कॅरीबॅगसमोर उभी असताना.

थिएटरमध्ये कॅमेरा आत गेला आणि स्क्रीन लाल. १२०० मिली रक्त आणि गुठळ्या ओढून काढल्या तेव्हा खालचं दिसायला लागलं. सर्जन सर थांबले होते, त्यांनी आधी ॲपेंडिक्स बघितलं, गुलाबी, निरोगी, म्हणाले, "तुझंच आहे, कर." उजवी नळी मधोमध जांभळासारखी फुगून फुटलेली, अजून झिरपत होती. तिचं झालरीचं तोंड ओव्हरीपाशी मोकळं. आणि पिशवीपासून कापलेलं टोक, जे खरं तर बांधून वर सुटं राहायला हवं, ते व्हॉल्टच्या उजव्या कोपऱ्यात शिवणीत ओढलं गेलेलं. खालून स्पेक्युलम लावून बघितलं तर तिथेच माझा तो लाल दाणा. बारीक प्रोब हलकेच सरकवला, दीड-दोन सेंटिमीटर आत गेला, आणि वर स्क्रीनवर नळीचं टोक हललं. वाट ती हीच. खालून शुक्राणू कापलेल्या टोकातून आत, वरून झालरीतून बीज आत, दोघांची गाठ मधे. गर्भाला तिथून खाली जायला पिशवी नाही, मग तिथेच रुजला.

उजवी नळी पूर्ण काढली, व्हॉल्टमधलं टोक सोडवून तो दाण्याचा भाग कापला, व्हॉल्ट परत दोन थरांत शिवला. डावी नळी निरोगी होती तीही काढली, ओव्हरी दोन्ही ठेवल्या. दोन बाटल्या रक्त चढवलं. पहाटे दोनला ती रिकव्हरीत "पाणी द्या" म्हणाली. लॅबचा एचसीजीचा आकडा सकाळी आला, ६,२४०. त्याची वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. आठवड्याने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, उजव्या नळीत गर्भाच्या वारेचे धागे, आणि दाण्याचं अस्तर नळीचंच.

सकाळी खरी परीक्षा बाकड्यावर. नवरा रात्रभर जागा, डोळे तांबडे, आणि त्याने स्वतःचा हिशोब मांडून ठेवलेला. "मॅडम, एक इचारू का? त्या डाक्टरनं तवा चाळीस हजार घेतलं. पिशवी काढलीच न्हाय ना त्यानं? फसवलं ना आमाला?" भावाला फोनही करून झालेला, चार माणसं घेऊन तिकडे जाऊन जाब विचार म्हणून. जावेचं वेगळंच, पिशवी नसलेल्या बाईला दिवस जातात म्हणजे हे काहीतरी बाहेरचं आहे, गावी जाऊन देवाला विचारा. मला आधी हे दोन्ही थांबवायचं होतं. रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढलं. म्हणलं, हे बघा, तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी काढून नेली, खरंच नेली, मी काल कॅमेऱ्यात बघितलंय, टाकी तिथे नाही. पण टाकीला जोडलेले दोन पाईप भिंतीतच राहिले, ते बहुतेक वेळा ठेवतातच, त्यात चूक नाही. त्यातल्या एका पाईपाचं तोंड खाली आपल्या बाथरूममध्ये उघडं राहिलं.

तो चित्राकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हंजी बूच मारायचं ऱ्हायलं."

मी म्हणाले हो. मग म्हणाले, "आणि ते तोंड उघडं आहे हे मला नोव्हेंबरात आणि जानेवारीत दोनदा दिसलं होतं, मला ओळखता आलं नाही. माझं चुकलं." हे बोलायचं की नाही यावर मी रात्रभर घोळत होते, आमच्या धंद्यात असं बोलू नका म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. तो काही वेळ गप्प. मग एवढंच म्हणाला, "आता मारलं ना?" मारलं म्हणाले. भावाला त्याने तिथेच फोन लावला, "ऱ्हाऊ दे, जाऊ नगंस."

त्या आधीच्या डॉक्टरवर मला राग काढता येत नाही. खालून पिशवी काढताना नळ्या उंचावर असतात, हाताला लागतातच असं नाही, आणि ठेवायची पद्धतच होती. आता चित्र बदलतंय. ओव्हरीचा जो सगळ्यात वाईट कॅन्सर, त्यातले बरेचसे मुळात नळीच्या झालरीत सुरू होतात असं कळल्यापासून, मुलं झालेल्या बाईची पिशवी काढतानाच जमलं तर नळ्याही काढून टाकतात, ओव्हरी ठेवून. नळ्या नसतील तर हे असलं एक्टोपिकही जवळजवळ संपलं. माझी तक्रार वेगळ्याच गोष्टीची आहे, डिस्चार्ज कार्डावर नळ्यांचं काय केलं ते लिहायला एक ओळ लागते.

आणि एक गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली, राउंडला, जाऊ डब्यातून मऊभात घेऊन आलेली तेव्हा. पेशंटच म्हणाली, "मी हिला पंधरा दिवसामागं म्हनलंवतं, दिवस गेल्यागत वाटतंय." फोडणीचा वास नको झालेला, छाती जड, सकाळी कोरड्या उलट्या. दोन लेकरं झालेली बाई, अंगाची खूण तिला पटलेली. जाऊ म्हणालेली, पिशवी न्हाय तुला आन् दिवस कुठनं जातील गं, आणि दोघी मोरीपाशी बसून हसलेल्या. पाळी चुकणं ही एक खूण तेवढी तिच्याकडे नव्हती, बाकी सगळ्या होत्या. शुक्रवारी गॅसचं इंजेक्शन घेताना हे डॉक्टरला सांगितलंत का विचारलं तर लाजली, "आसं कसं सांगायचं मॅडम, हसली आसती मानसं."

कॅज्युअल्टीच्या शीटवरचा तो रकाना आम्ही बदलला. 'लागू नाही' लिहायची सोय काढून टाकली, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह एवढंच. वय १२ ते ५५, पिशवी असो नसो, ऑपरेशन झालेलं असो नसो, नवरा गावाला असो की परदेशात. कार्ड पन्नास रुपयांच्या आतबाहेर पडतं, मालकांनी आधी कुरकुर केली, मग त्या रात्रीचा हिशोब दाखवला. सिस्टरला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली तर ती म्हणते, "मॅडम, मला वाटलं होतं ओरडा बसेल, कार्ड वाया घालवलं म्हणून."

तीन आठवड्यांनी दाखवायला आली, एचसीजी पाचच्या खाली, म्हणजे निल. नवरा बरोबर. तपासून झालं, व्हॉल्ट छान भरलेला, दाणा नाही, पाण्यासारखं जाणंही बंद झालेलं. निघताना म्हणाली, "मॅडम, एक कागद द्या. काय काढलं, काय ठिवलं. मराठीत." मी लेटरहेड घेतलं आणि लिहिलं. पिशवी नाही. सर्व्हिक्स नाही. उजवी नळी नाही, डावी नळी नाही. दोन्ही अंडाशय आहेत. खाली तारीख, सही, शिक्का. तिने तो दोनदा वाचला, ओठ हलवत, आणि 'अंडाशय आहेत' वर बोट ठेवून विचारलं, म्हंजी परत? मी म्हणाले नाही ताई, पाईपच काढलेत आता.

नवऱ्याने तो कागद तिच्या हातातून घेतला आणि खाली झेरॉक्सवाल्याकडे गेला. दहा मिनिटांनी लॅमिनेशन करून आणला, अजून गरम होता.